संसाराचं तिसरं चाक

परभणीत माझी ओळख तीन प्रकारे सांगतात. बँकेतले म्हणतात, ‘तो ताळा न जमणारा’. गल्लीतले म्हणतात, ‘तो बी.कॉम. झालेला’. उरलेलं गाव म्हणतं, ‘तो साइडकारवाला!’ पहिल्या दोन ओळखी खऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तिसरीही खरीच आहे, पण ती सांगताना लोक हसतात. माझं भांडण आहे ते त्या हसण्याशी.

वस्तुस्थिती अशी की, वडिलांनी १९८६ साली, नंबर लावून आणि भरपूर वाट पाहून, चेतक स्कूटर घेतली आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतली. माणसं पाच आणि स्कूटर एक, या गणिताला दुसरं उत्तर नव्हतं. पुढे घरातली माणसं कमी झाली, स्कूटर राहिली. आज ती मी चालवतो. पेट्रोलची चेतक कारखान्यातून निघायची कधीच बंद झाली. २०२० साली त्याच नावाची विजेवरची आली. आमची मात्र अजून नोकरीत आहे.

आमच्या कर्जविभागातले एक साहेब रोज म्हणतात, “अहो, मोटारींच्या कर्जाची कागदपत्रं तुम्ही करता, आणि स्वतः या वरातीतून येता! तीन तिघाडा, काम बिघाडा!”

या म्हणीचा आज एकदा समाचार घेतोच.

नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाकं, असं प्रत्येक लग्नात कुणीतरी माइक हातात घेऊन सांगतो. त्या रथात म्हातारी आई कुठे बसते, हे मात्र कुणी सांगत नाही. शिवाय दोन चाकांचा रथ पुढे बैल जुंपलेला असेल तोवरच उभा राहतो. आमच्या रथात बैल कोण, हे मी घरात विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.

दुसरं असं की, माझ्या स्कूटरचं नावच चेतक. राणा प्रतापांचा तो घोडा १५७६ च्या हळदीघाटीत एक पाय जायबंदी झाल्यावर उरलेल्या तिघांवर दौडला आणि धन्याला ओढ्यापार घेऊन गेला, अशी आख्यायिका आहे. तेव्हा ‘तीन तिघाडा’ असं कुणी म्हटलं नाही.

तिसरा मुद्दा आमच्या गावाच्या अभिमानाचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही छाती फुगवून सांगतो. तर त्या जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिला चाकं होती तीन! आणि १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था, नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन तीनचाकीतून शंभरावर किलोमीटर दूर गेल्या. पेट्रोलपंप नव्हते. औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली, चढावर पोरांनी गाडी ढकलली. बाई कुठे निघाल्या होत्या? आईकडे. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा माहेरचा प्रवास होता. साहेब ज्या चारचाकीचं कर्ज वाटतात, तिची आजी ही तीनचाकी.

कुणी विचारील, मग रिक्षा काय वाईट? वाईट नाही. रिक्षालाही तीनच चाकं, आणि तिला कुणी हसत नाही. म्हणजे भाड्याची तीन चाकं प्रतिष्ठित, मालकीची तेवढी हास्यास्पद!

दोष मी लपवत नाही. बी.कॉम. आहे, जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहितो. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे वळू पाहते. वळणावर स्कूटरसारखं झुकता येत नाही, हँडलशी कुस्ती करावी लागते. पार्किंगवाला दोन गाड्यांचे पैसे मागतो.

जमेच्या बाजूला एकच नोंद आहे. २०१७ साली आईला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय उचलेनासा झाला. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसायचं तर पाय उचलावा लागतो, कुणाला तरी धरून तोल सांभाळावा लागतो. एसटीची पायरी तर डोंगर. आपली बहुतेक वाहनं धडधाकट माणसांसाठी आहेत. ज्याला धरून बसता येत नाही, त्याने घरी बसावं, असा अलिखित नियम आहे. साइडकार तो नियम मोडते.

शेजाऱ्यांच्या मोटारीतून तिला एकदा नेलं. काचा बंद, आत गारवा. परत आल्यावर म्हणाली, “कुणी बोललंच नाही रे माझ्याशी.” साइडकारमधून ती डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर पदर, अशी बाजारातून निघते तेव्हा भाजीवाल्या हाका मारतात, ती गाडी थांबवायला लावते आणि मेथीच्या जुडीवरून भांडते. झटक्यानंतर तिचा आवाज पहिल्यांदा पूर्वीसारखा चढला तो त्या जुडीवरच.

गेल्या दिवाळीत तिला माहेरी, गंगाखेडला, सोडून एकटाच परतलो. डावीकडच्या पहिल्याच वळणावर रिकामी साइडकार हवेत उचलली गेली आणि मी रस्त्याकडेच्या तुरीत जाता जाता वाचलो. इतकी वर्षं आईला सांभाळून नेतो अशा ऐटीत होतो; तोल कोण सांभाळत होतं, ते त्या दिवशी कळलं.

मेकॅनिक म्हणाला, “रिकामी असली की ज्वारीचं पोतं ठेवत जा.” आईला परत आणलं तेव्हा हे सांगितलं. तिने हेल्मेटवर पदर सारखा केला आणि म्हणाली,

“ठेव की बाबा. पण चांगलं भरलेलं घे. माझ्या जागी हलकं काही चालायचं नाही.”