अपघात नव्हे, काटकसर!

भोपाळची शोकान्तिका २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुरू झाली, असे मानणे ही मालकवर्गाची सोय आहे. त्याच युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगारांनी इशारे दिले. व्यवस्थापनाने मात्र मनुष्यबळ घटविले, मिथिल आयसोसायनेट थंड राखणारी शीतयंत्रणाही बंद केली. ताळेबंदात ही खर्चकपात. वस्तुतः तो खर्च कामगारांच्या फुप्फुसांवर टाकला गेला. आज गटारांत विषारी वायूने गुदमरणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांच्या वाट्याला तोच हिशेब येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपयांवर नेली. परंतु मरणोत्तर भरपाई म्हणजे सुरक्षितता नव्हे. धोक्याचे काम थांबविण्याचा अधिकार कामगाराच्या हाती आल्याखेरीज हे बळी थांबणार नाहीत!