वर्षअखेरीचा ताळमेळ

डिसेंबर उजाडला की बेंगळुरूच्या हवेत गारवा येतो आणि कार्यालयांच्या सूचनाफलकांवर एक ठरावीक कागद झळकू लागतो. 'सर्व सहकाऱ्यांनी शनिवारी सकाळी सात वाजता प्रवेशद्वारापाशी जमावे. टोपी व बूट आणावेत. उपस्थिती अपेक्षित आहे.' यातील शेवटच्या वाक्याचा अर्थ प्रत्येक नोकरदाराला नेमका कळतो. माहिती तंत्रज्ञानाच्या या नगरीत वर्षअखेरीची सांघिक सहल दिवाळीच्या फराळाइतकी नेमाची झाली आहे, आणि आम्हा बँकवाल्यांनीही ती हौसेने उचलली आहे. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. तथापि ज्या हेतूने हा खटाटोप करावयाचा, तो हेतू त्यातून साधतो काय, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

प्रथम माझीच कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेच्या अशा सहलीची आखणी मी केली होती. शहराबाहेरचे एक रिसॉर्ट ठरविले. रस्सीखेच झाली, फुगे फोडण्याची शर्यत झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून मागे पडायचे आणि सहकाऱ्यांनी झेलायचे असा विश्वासाचा खेळही झाला. गुडघेदुखीने त्रस्त असलेले आमचे मुख्य रोखपाल दिवसभर खुर्चीवर बसून सर्वांच्या पिशव्या सांभाळीत होते. एका भगिनीचे मूल दोन वर्षांचे असल्याने त्या आल्याच नाहीत. दारावरचे सुरक्षारक्षक आणि सफाई करणाऱ्या अम्मा हे कंत्राटी. त्यांना विचारावे हे माझ्या ध्यानातही आले नाही. छायाचित्र मात्र सुरेख आले.

त्यानंतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक वृद्ध आजी शाखेत आल्या. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावयाचा राहून गेल्याने त्यांचे डिसेंबरचे निवृत्तिवेतन जमा झाले नव्हते. त्यांना कन्नडखेरीज अन्य भाषा येत नव्हती, आणि खिडकीवर बसलेला आमचा तरुण अधिकारी उत्तरेकडून नुकताच बदलून आलेला. त्याने हातानेच पलीकडची खिडकी दाखविली. तेथे कन्नड जाणणारे सहकारी होते, परंतु ते म्हणाले, हे काम माझ्याकडे नाही. आजी दोन फेऱ्या मारून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आल्या तेव्हा काम दहा मिनिटांत झाले. पंधरा दिवसांपूर्वी एकमेकांना डोळे मिटून झेलणारी हीच मंडळी खिडकीवर मात्र एकमेकांसाठी उठून उभी राहिली नव्हती. त्यात दोष त्यांच्यापेक्षा माझ्या आखणीचा अधिक होता, असे मला आजही वाटते.

संघभावना ही वस्तू नवी नाही. एम.कॉम.ला असताना आम्ही हॉथॉर्नच्या प्रयोगांचा अभ्यास केला होता. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात हे प्रयोग झाले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण माणूस केवळ दिव्याच्या उजेडासाठी आणि पगारासाठी काम करीत नाही, सोबतच्या माणसांशी त्याचे नाते कसे आहे यावरही त्याचे काम अवलंबून असते, ही जाणीव उद्योगजगताला तेव्हापासून टाळता आलेली नाही.

आपल्या बँकिंग क्षेत्राला तर ही गोष्ट पुस्तकाविनाच ठाऊक होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बँकांचे हिशेबी वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे. पुढे ते ३१ मार्चला संपू लागले. संगणक येण्यापूर्वीच्या त्या वर्षअखेरींच्या कहाण्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून मी ऐकल्या आहेत. खतावण्या टेबलावर उघडून बसायचे, एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टिपून घ्यायचे. काही केल्या मेळ बसत नसे. मग कोणी अनुभवी हात म्हणे, 'फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का पाहा.' जात असेल तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. म्हणजे ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असावेत. तो फरक सापडला की मध्यरात्री चहा येई आणि व्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सारे एकत्र बसून तो पीत. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या जागरणांनी अनेकांची प्रकृती बिघडली आणि घरी वाट पाहणाऱ्यांची कुचंबणा झाली. परंतु एक गोष्ट त्यात होती. माझी चूक तुझ्या मदतीवाचून सापडत नव्हती, आणि म्हणून माणसे एकमेकांना ओळखत होती.

आता मेळ संगणक घालतो. हे उत्तमच झाले. ग्राहकांची सोय वाढली, चुका घटल्या. मात्र प्रत्येक जण आपल्या पडद्यासमोर एकटा बसू लागला. शेजारच्या माणसाची गरज कामातून संपली, म्हणून ओळखही संपली. वर्षअखेरीच्या सांघिक उपक्रमांची आज खरी आवश्यकता आहे ती याच कारणासाठी. जे पूर्वी कामातून आपोआप घडत होते ते आता जाणीवपूर्वक घडवावे लागणार आहे. आणि ते घडवायचे तर खेळांच्या स्पर्धेपेक्षा हातांना मिळून करावे लागेल असे काम शोधणे अधिक श्रेयस्कर, असे माझे नम्र मत आहे.

गेल्या वर्षी आम्ही हा विचार करून पाहिला. बेंगळुरूत डिसेंबर आणि जानेवारी हे अवरेकाईचे दिवस. अवरेकाई म्हणजे आपल्याकडील वालाच्या कुळातील शेंगा. त्यांचे दाणे भिजवून, अंगठा आणि बोट यांत दाबून साल काढली की त्यांना हितकबेळे म्हणतात. वालाच्या डाळिंब्या सोललेल्या कोणत्याही मराठी गृहिणीला हे काम पाहताच ओळखू येईल, आणि एकट्याने करण्याचे हे काम नव्हे हेही कळेल. कामकाजाच्या एका शनिवारी व्यवहार संपल्यावर शाखेच्या जेवणाच्या खोलीत आम्ही सर्वांनी मिळून दाणे सोलायला घेतले. व्यवस्थापक होते, रोखपाल होते, अम्मा होत्या, सुरक्षारक्षकही होते. येथे सर्वांत निष्णात ठरल्या त्या अम्मा. पदव्या घेतलेले आम्ही अधिकारी दाणे चिरडत होतो आणि त्या हसत हसत आमचे हात धरून शिकवीत होत्या.

हात गुंतलेले असले की जीभ मोकळी होते. त्या तासाभरात मला कळले की आमचे सुरक्षारक्षक निवृत्त जवान आहेत, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे आहेत आणि त्यांची मातृभाषा मराठी आहे. दीड वर्ष मी त्यांना रोज सकाळी हिंदीत नमस्कार करीत होतो! त्यांना कन्नडही उत्तम येते. उत्तरेकडच्या त्या तरुण अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्यांच्याकडून कन्नडमधील दहा वाक्ये लिहून घेतली. 'बसा', 'काय काम आहे', 'दाखला आणला का', अशी साधी वाक्ये.

दुसरा उपक्रम आम्ही याच शहराकडून घेतला. 'द अग्ली इंडियन' या नावाने २०१० पासून बेंगळुरूत काही नागरिकांनी आपली नावे न सांगता रस्त्याकडेचे घाण कोपरे स्वतःच्या हातांनी साफ करून, भिंती रंगवून दाखविल्या. बोलणे कमी आणि काम अधिक हा त्यांचा बाणा. त्यांचे पाहून आम्ही शाखेजवळचा वर्षानुवर्षे कचरा साठणारा एक कोपरा निवडला, नगरपालिकेच्या सफाई कामगारांना आधी विचारले आणि एका सकाळी दोन तासांत तो स्वच्छ केला. गुडघेदुखीचे आमचे रोखपाल या वेळी पिशव्या सांभाळीत बसले नाहीत. खुर्चीवर बसूनच त्यांनी भिंतीचा खालचा पट्टा रंगविला.

या अनुभवातून काही पथ्ये मला सुचली. उपक्रम शक्यतो कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला लागून असावा. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. ती सुट्टी कुटुंबाची आहे, तिच्यावर आक्रमण करू नये. 'उपस्थिती अपेक्षित' हे शब्द गाळावेत. आखणीपूर्वी प्रत्येकाला 'तुम्हाला काय आवडेल' यासोबत 'तुम्हाला काय जमणार नाही' हेही विचारावे. संकोची माणसे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लवकर देतात. जो रोज त्या छपराखाली काम करतो तो आपला, मग त्याचा पगार कोणत्याही संस्थेकडून येवो. बक्षिसे नसावीत, कारण बक्षीस आले की हरणारे आले. आणि हे सारे जानेवारीच्या मध्यापर्यंत उरकावे. पुढे मार्चअखेरचे वेध लागतात आणि हसण्याचेही ओझे वाटू लागते.

कोणी म्हणेल, तरुणांना मौज हवी असते, त्यांना दाणे सोलायला बसविणे हा अन्याय आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. सहलीला अवश्य जावे, नाचावे, पोहावे. ती मौज म्हणूनच करावी. तिला संघबांधणीचे नाव देऊन जे येऊ शकत नाहीत त्यांना मागे पाडू नये, इतकेच माझे म्हणणे. शाखा एका कार्यक्रमाने पालटते असा दावाही मी करणार नाही. 'हे काम माझ्याकडे नाही' हे वाक्य आमच्याकडे अजूनही अधूनमधून ऐकू येते. पण यंदा नोव्हेंबरमध्ये त्याच आजी हयातीचा दाखला देण्यासाठी आल्या, तेव्हा खानापूरच्या आमच्या मामांनी त्यांना हात धरून आत आणले, आणि खिडकीवरचा तो तरुण अधिकारी उठून उभा राहिला व अडखळत का होईना, कन्नडमध्ये म्हणाला, 'अज्जी, बसा.'

आपल्या ग्राहकांपैकी कित्येकांची दुकाने, कार्यशाळा, लहान कारखाने आहेत. तेथेही पाच-दहा माणसे रोज खांद्याला खांदा लावून काम करतात. मोठ्या खर्चाची सहल परवडत नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. वर्ष सरताना एक दुपार अशी काढावी की जिच्यात मालक आणि मदतनीस एकाच पातेल्याभोवती बसतील. हिशेबाचा मेळ संगणक घालील. माणसांचा मेळ मात्र आपल्यालाच घालावा लागेल.