भंगारात टाकण्याआधी व्हाइस उघडून पाहा

भंगारवाल्याची गाडी गावात शिरली, की मोडकी बादली, गंजका पत्रा आणि फुटका पाइप यांच्याबरोबर गोठ्याच्या कोपऱ्यातले एक जड लोखंडी धूड पुष्कळ घरांतून बाहेर येते. दोन जबडे, मधे जाड पेच, एका टोकाला आडवा दांडा. फिरवू म्हटले तर फिरत नाही. वर कोंबड्यांची शीट आणि जुन्या रंगाचे पोपडे. तराजूत ठेवले की पारडे दणकन खाली बसते आणि घरधनी खूष होतो. वाचकहो, हा सौदा करण्याआधी आठ-दहा दिवस थांबा, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

हे धूड म्हणजे व्हाइस. पुस्तकात त्याला शेगडा म्हणतात, पण तो शब्द आपल्या तोंडी बसलेला नाही. वर्कशॉपात व्हाइस आणि गावात वाईस, एवढेच चालते. घरातले कुणी गिरणीत, रेल्वेत किंवा एखाद्या कारखान्यात फिटर असेल, तर त्याने कधीतरी जुन्या मालातून तो घेऊन घरी आणलेला असतो. तो माणूस गेला की हत्यार मुके होते. मुलांना वाटते, आता याचे काय करायचे?

काय करायचे ते सांगतो. विळ्याला, कोयत्याला धार लावताना आपण तो पायाच्या अंगठ्यात धरतो. कुऱ्हाडीचा दांडा तासताना मांडीखाली दाबतो. पाइप कापताना एक जण बसून धरतो आणि दुसरा करवत चालवतो. कडबाकुट्टीची पाती, फवारणी पंपाची नळी, सायकलची साखळी, दाराची बिजागरी, सगळ्यांची तीच तऱ्हा. करवत सटकली की धरणाऱ्याच्या बोटाला आणि कानस सटकली की स्वतःच्या पायाला. तिसरा हात म्हणून घरात व्हाइस असला, तर दोन्ही हात कामाला मोकळे राहतात आणि पाय पात्यापासून दूर राहतात. घरातल्या बाईलाही खुरप्याला धार लावायला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

त्याची पकड एवढी घट्ट का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे तो मोडतो कसा तेही कळेल. दांड्याचे टोक पेचाच्या मध्यापासून दहा इंचांवर असेल, तर एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे ६३ इंच फिरतो. पेचाचे आटे इंचाला चार असतील, तर तेवढ्यात जबडा सरकतो फक्त पाव इंच. म्हणजे हाताची चाल जबड्यापेक्षा अडीचशेपट. घर्षणात यातला मोठा भाग जातो, तरी उरलेला जोर थोडाथोडका नसतो. दांडा मुद्दाम आखूड केलेला असतो तो याचसाठी. त्यावर पाइप चढवून ताकद लावली, की पेच वाकतो, नाहीतर जबड्याची मान फुटते. बहुतेक जुने व्हाइस बिडाचे असतात. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि दणका सोसत नाही.

लोहाराकडे असतो तो व्हाइस वेगळा. त्याला जमिनीपर्यंत जाणारा लांब पाय असतो. घणाचा दणका त्या पायातून खाली जमिनीत उतरतो आणि त्याचे अंगही बिडाचे नसून घडीव लोखंडाचे असते. म्हणून त्यात तापलेले लोखंड धरून ठोकता येते. त्याचा जबडा मात्र खाली बिजागरीवर उघडतो, त्यामुळे जाड वस्तू धरली की दोन्ही जबडे समांतर राहत नाहीत. इंग्लंडातल्या डडली गावच्या पीटर राइट या ऐरणी बनवणाऱ्या कारखान्याचे असे पायाचे व्हाइस नावाजलेले होते. टेबलावरचा समांतर व्हाइस हा त्यानंतरचा, फिटरचा. तो घणासाठी नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

या टेबलावरच्या व्हाइसांचे इंग्लंड-अमेरिकेत आज शौकीन आहेत. आपल्याकडे कुणी जुनी नाणी जमवतो, तसे ते व्हाइस जमवतात. गंजलेले आणतात, सुटे करतात, साफ करून पुन्हा चालते करतात. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा ‘रेकॉर्ड’ मार्क्याचा निळा व्हाइस त्यांच्या विशेष आवडीचा. त्यावर आकडा असतो. ३ म्हणजे चार इंची जबडा, ५ म्हणजे पाच इंची, ६ म्हणजे सहा इंची. अमेरिकेत मेरिडन गावच्या चार्ल्स पार्करचे नाव मोठे. त्याने १८३२ मध्ये धंदा सुरू केला तो कॉफी दळायच्या चक्क्यांचा. पुढे त्याच घराण्याच्या दुनळी बंदुका गाजल्या आणि व्हाइसही. शिकागोत १९४१ साली ह्यू व्होगल या चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या माणसाने ‘विल्टन’ सुरू केले. त्याच्या व्हाइसाचे अंग बंदुकीच्या गोळीसारखे गोल, म्हणजे पेच पूर्ण झाकलेला, कीस आणि धूळ आत जात नाही. काही विल्टनांवर आतल्या बाजूला हमी संपण्याचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. हमी पाच वर्षांची, म्हणून त्यातून पाच वजा केली की हत्याराचा जन्म कळतो. या लोकांना या गोष्टीचा फार आनंद होतो.

एकेकाकडे वीस-पंचवीस व्हाइस असतात. एवढ्यांत धरायचे काय, असा प्रश्न मलाही पडतो. पण आपल्याकडे शहरातल्या हॉटेलांत बैलगाडीचे चाक छताला टांगून त्याला दिवे लावतात, त्यापेक्षा हा शौक बरा म्हणायचा. यात हत्यार निदान पुन्हा हत्यार होते. आणि या शौकिनांनी जे तंत्र बसवले आहे ते आपल्या कामाचे आहे. आपला व्हाइस कुठल्याही नावाचा असो, देशी असो की विलायती, उपाय तेच.

आधी परीक्षा. तारेच्या ब्रशने मान, बूड आणि बोल्टची भोके मोकळी करून बारीक तडा आहे का पाहा. लहान हातोडीने हलके टिचकवा. धड बीड खणखणते, फुटलेले बसक्या आवाजात बोलते. रंगाखाली पिवळी रेघ दिसली, तर पूर्वी कुणी पितळ लावून जोडलेला आहे. असा व्हाइस हलक्या कामाला चालतो. मान आरपार तडकली असेल, तर मात्र मन घट्ट करून भंगारात द्यावा. गावातल्या वेल्डिंगवाल्याने साध्या कांडीने जोडलेले बीड बहुधा जोडाशेजारीच पुन्हा फुटते.

दुसरी गोष्ट आट्यांची. पेच जरा फिरत असेल, तर दांडा उलटसुलट हलवून पाहा. जबडा हलायच्या आधी पाव फेरा रिकामा गेला तर चिंता नाही. अर्ध्याहून जास्त गेला, तर आतला नट झिजला आहे. उघडल्यावर आट्यांचे माथे चाकूसारखे निमुळते दिसले, तर तालुक्याच्या लेथवर नवा नट करून घ्यावा लागेल. तो खर्चाचा भाग. दांडा नसणे, जबड्याच्या पट्ट्या नसणे, हे दोष नव्हेत. ते घरी होते.

आता अडकलेला पेच. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि घण हातात येतो. घण नको. डिझेलमध्ये पॉवर स्टिअरिंगचे तांबडे तेल थोडे मिसळा आणि पेच जिथे नटात शिरतो तिथे, तसेच सरकत्या जबड्याच्या फटीत, सकाळ-संध्याकाळ सोडा. दर वेळी लाकडी मोगरीने चारही बाजूंनी हलके ठोका, म्हणजे तेल आत उतरते. आठवडाभर हेच करावे. दांडा एकाच दिशेला ओढत बसू नका, सुतभर इकडे, सुतभर तिकडे असा हलवा. बहुतेक पेच एवढ्याने सुटतात. नाहीच सुटला, तर सगळे तेल पुसून, उघड्यावर, ब्लो-लॅम्पने नटाच्या बाजूला चौफेर सावकाश ऊब द्या. एकाच जागी ज्योत धरू नये, आणि तापलेल्या बिडावर पाणी तर मुळीच ओतू नये. ते तिथल्या तिथे तडकते.

सुटला की सगळे भाग वेगळे करा. कोणती चकती कुठे होती, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्याने आठवत नाही.

रंगाबद्दल थोडे जपून. जुन्या रंगांत शिसे असायचे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये, तेव्हा त्याआधीच्या रंगावर विश्वास नको. कोरडा रंग ग्राइंडरने उडवला की ती धूळ नाकात जाते, अंगणात पडते आणि रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. रंग ओला करून खरवडा, तोंडाला फडके बांधा, पोपडे कागदात गोळा करा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. हे काम ओसरीवर करायचे नाही.

गंजासाठी संडास धुण्याचे ॲसिड वापरणारे आहेत. त्याची वाफ छातीत जाते आणि शेजारच्या हत्यारांनाही गंज चढवते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते, ते लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम या प्रमाणात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा आणि सुटे भाग रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी गंज काळा मऊ होऊन ब्रशने निघतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून काढा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पुसून उन्हात वाळवा आणि त्याच तासाला तेलाचा हात द्या. वाळवून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत तांबूस झाक चढलेली असते. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढण्याचीही रीत आहे. त्यात स्टीलचे ताट-वाटी बुडवणारे काही जण असतात. स्टेनलेस स्टीलमधून त्या पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. त्या भानगडीत आपण न पडलेले बरे.

जबड्याच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील, तर ट्रॉलीच्या मोडक्या पाट्याचा तुकडा घेऊन लोहाराकडे जा. तो लाल करून रात्रभर राखेत पुरला की मऊ पडतो. मग कापा, भोके पाडा, कानशीने आडव्या-तिडव्या रेघा मारा. पुन्हा लाल करून तेलात विझवला की कडक होतो. पाण्यात विझवला तर चिरतो. विझवल्यावर थोडी ऊब देऊन ठिसूळपणा घालवावा लागतो, पण ते लोहाराला सांगण्याची गरज नाही, त्याला ते आपल्यापेक्षा जास्त कळते. धारेच्या आणि पितळेच्या वस्तू धरताना या दातेरी पट्ट्यांवर ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याच्या किंवा लाकडाच्या फळ्या टेकवा, म्हणजे वस्तूवर वण उठत नाही.

नंतर हौसेने रंग द्या, पण पेच, नट आणि सरकते अंग यांना रंग लावायचा नाही. तिथे ग्रीस. कंपनीचे नाव, आकडा, आणि पूर्वीच्या फिटरने पंचाने ठोकलेली अक्षरे असतील तर ती घासून सपाट करू नका. खड्डे पडलेले अंग ग्राइंडरने गुळगुळीत करणारे मला पटत नाहीत. खड्ड्यांनी पकड कमी होत नाही, घासल्याने मात्र अंग बारीक होते. खंडेनवमीला त्याची पूजा जरूर करा, फक्त हळदकुंकू जबड्याला बाहेरून लावा. ते ग्रीसमध्ये पडले की आट्यांत अडकून बसते.

राहिले बसवणे. डुगडुगत्या टेबलावर बसवलेला व्हाइस काही कामाचा नाही. टेबल नसेल, तर बाभळीचा जाडजूड ओंडका घ्या, खालच्या टोकाला डांबर फासा आणि दोन-अडीच फूट जमिनीत पुरून माती ठोकून घट्ट करा. वर जाड फळी पक्की करून त्यावर व्हाइस बोल्टांनी आवळा. फळीखाली चकत्या घालायला विसरू नका, नाहीतर बोल्ट लाकडात रुततात. उंची अशी असावी, की शेजारी ताठ उभे राहून हात दुमडला तर कोपर जबड्याच्या माथ्याला टेकेल. घरात दोन माणसे काम करणारी असतील, तर ठेंगण्याच्या कोपराचे माप घ्या, उंचाला वाकता येते. आणि आतला, न हलणारा जबडा फळीच्या कडेपेक्षा सुतभर बाहेर राहू द्या, म्हणजे लांब पाइप किंवा पहार उभी धरताना ती फळीला न अडता सरळ जमिनीपर्यंत खाली जाईल.