मालक महापालिका, मग नोटीस कोणाला?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खान्देशातील भीमसैनिकांची गर्दी लोटते. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात एका खटल्याच्या कामासाठी आले होते. आपण त्या वास्तूला वंदन करतो, भाषणे ऐकतो, भिजत घरी परततो. त्याच पावसात आपल्या वस्त्यांतील भिंतींवर नोटिसा चिकटतात की इमारत धोकादायक आहे, तात्काळ रिकामी करा, अन्यथा जीवितहानीस तुम्ही जबाबदार राहाल. बाबासाहेब ज्या गावी वकिली करायला आले, त्या गावचा आपला माणूस नोटीस वाचत नाही. तो घाबरतो आणि गाठोडे बांधतो.

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ साली महानगरपालिका झाली. नगर परिषदेचा कायदा गेला आणि १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम २६४ प्रमाणे पडायला आलेल्या इमारतीबाबत आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस देऊ शकतात. ती पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, यापैकी काहीही सांगता येते. छापील नमुन्यात मात्र दुरुस्तीचा पर्याय अनेकदा गायब असतो! कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून तसा दाखला द्यावा लागतो. नगरविकास विभागाने २०१५ साली धोकादायक इमारतींचे वर्ग ठरवून दिले. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी मध्ये माणसे राहत असतानाच दुरुस्ती करता येते आणि सी-३ ला किरकोळ डागडुजी पुरते. म्हणून नोटीस आली की पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: आमची इमारत कोणत्या वर्गात आहे आणि तसा अहवाल कोणी दिला?

खाजगी घरमालकाच्या भाडेकरूला आणखी एक हत्यार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. जुन्या जळगावातले किंवा जुन्या धुळ्यातले भाडे किती, त्याचा चौथा हिस्सा किती, हे वाचकांनीच मोजावे. पण हक्क हक्कच असतो.

आता सफाई कामगाराच्या चाळीकडे या. तिथे मालक खुद्द पालिका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३ ने स्थानिक प्राधिकरणाच्या जागा या कायद्यातून वगळल्या आहेत, म्हणजे कलम १४ तिथे चालत नाही. आणि कलम २६४ ची नोटीस काढणारा आयुक्तच या मालकाचा कारभारी. तो स्वतःला नोटीस देईल काय? देत नाही, म्हणून ती रहिवाशाच्या दारावर चिकटते. ज्याला सेवानिवासस्थान मिळते त्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. याचा अर्थ तो दरमहा भाडे मोजतोच आहे. पन्नास वर्षे हे भाडे घ्यायचे, छताला मूठभर सिमेंट लावायचे नाही आणि शेवटी ‘तुमच्या जिवाला धोका आहे’ म्हणून कळवळा दाखवायचा! ही दया नव्हे, जागा मोकळी करून घेण्याची युक्ती आहे.

खान्देशातीलच एका गावच्या चाळीतील मावशी माझ्याकडे आली होती. नवरा सफाईत होता, नोकरीतच वारला. तिच्या पिशवीत दुरुस्तीसाठी दिलेले सहा अर्ज होते, पोच मात्र एकाचीही नव्हती. कार्यालयात जाऊन अर्ज देऊन यायचे, पोच मागायची लाज वाटायची, असे ती म्हणाली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही, पण कोर्टात तिचे सहाही अर्ज नसल्यासारखेच होते.

पालिकेच्या जागेतून काढायचे तर कलम ८१-ब प्रमाणे कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते. इमारत खरोखर पडायला आली असेल तर मुलाबाळांना घेऊन बाहेर पडाच, भिंतीशी वाद घालण्यात शहाणपण नाही. पण पाडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे चटई क्षेत्र मोजून नोंद करून घ्या, पंचनाम्याची प्रत घ्या. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यांनी श्रमसाफल्य आवास योजनेतील मालकी घराची मागणी त्याच अर्जात लिहावी. ‘नंतर बघू’ या शब्दावर विसंबू नका. जळगावच्या घरकुल योजनेत हजारो घरे जाहीर झाली, पूर्ण झाली त्यातली थोडीच, आणि २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले, हे आपण पाहिले आहे.

ज्यांच्या दारावर अशी नोटीस आहे त्यांनी येत्या ३१ जुलैला लळिंगला येताना ती सोबत आणावी. आम्ही काही वकील मंडळी तिथे बसणार आहोत. झेरॉक्स दोन्ही बाजूंची काढावी, कारण तारीख आणि जावक क्रमांक कधी कधी मागच्या बाजूला असतो.