माझी वही, माझी पंधरा मिनिटं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा खालचं सामान माळ्यावर चढवायला आम्हाला जेमतेम दोन तास मिळाले. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, नवऱ्याच्या नोकरीचे कागद, सासूबाईंची पोथी, गव्हाचं पोतं, टीव्ही – सगळं मी माझ्या हातानं वर दिलं. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या अकरा चित्रवह्यांचा चिखल झाला होता. वह्या राहू दे, असं घरात कोणी म्हटलं नव्हतं. मलाच त्या आठवल्या नाहीत.

मैत्रिणींनो, बाईच्या छंदाबद्दल आपण बोलतो तेव्हा सासर, नवरा, समाज यांच्याकडे बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. पण स्वतःच्या आवडीच्या गोष्टीला सगळ्यात शेवटचा नंबर द्यायचं शिक्षण आपल्यात इतकं मुरलेलं असतं की अडवायला कोणी लागतच नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी चित्रकार नाही. नोकरी करते, घर बघते आणि चार चौकटींच्या लहानशा चित्रकथा काढते. माझी एक अक्का आहे. पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी, तोंड फटकळ. चित्रकथेची गंमत आणि अडचण एकच असते. अक्का पहिल्या चौकटीत जशी दिसते तशीच चौथीतही दिसायला हवी, मग ती भांडत असो, वाकून केर काढत असो, की धावत्या एस.टी.मागं पळत असो. त्यासाठी हात रोज चालावा लागतो. आठवडाभर वही उघडली नाही की अक्काची मान आखडते आणि बोटांच्या जागी भेंड्या येतात. भाकरी थापण्यासारखंच आहे ते. सवय मोडली की कडा फाटतात.

माझे नियम साधे आहेत. सकाळी नळाला पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटं. बॉलपेन वापरायचं, म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही. पानावर तारीख घालायची आणि चित्र कितीही बिघडलं तरी पान फाडायचं नाही. काही सुचलं नाही तर समोर असेल ते काढायचं – कुकर, चप्पल, स्वतःचा डावा हात.

पंधरा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्या २८९ मधून पंधरा काढायची म्हटलं की घर विचारतं, ‘त्याचा उपयोग काय?’ दारात रांगोळी काढताना हे कोणी विचारत नाही. कारण ती घराच्या शोभेची असते आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकता येते. वहीतलं चित्र मात्र राहतं, आणि त्यात काय काढायचं ते बाई ठरवते.

आणखी एक गोष्ट आहे, बघण्याची. माझं माहेर साताऱ्याचं. सांगली-सातारा हा एस.टी.चा प्रवास माझ्या वहीचा मोठा आधार. पण स्टँडवर बाईनं माणसांकडं टक लावून बघायचं म्हणजे मोठंच धाडस. आयुष्यभर आपल्याला खाली मान घालायला शिकवलेलं असतं. बघणारे दुसरे, आपण बघितल्या जाणाऱ्या. वही हातात घेतली की हे उलटं होतं. सुरुवातीला मी वर्तमानपत्राच्या आड धरून चित्रं काढायची. एकदा साताऱ्याच्या स्टँडवर एका आजीनं पकडलंच. वहीत डोकावून म्हणाली, “मला बसल्याली काढलीस व्हय? ब्येस केलंस बाय. घरी कोण बसू देतंय!”

ते वाक्य डोक्यात राहिलं. घरी येऊन वर्षभराची पानं चाळली. पुरुष कट्ट्यावर, पारावर, चहाच्या टपरीवर, पेपर वाचत निवांत बसलेले. बायका मार्केट यार्डात हळद निवडताना, नळावर, चुलीपुढं. बसलेल्या असल्या तरी हात चालूच. रिकाम्या हातांची बाई मला सापडली ती फक्त एस.टी.त आणि दवाखान्याच्या बाकावर. हे मी ठरवून काढलं नव्हतं. रोज काढत गेले म्हणून ते कागदावर जमा झालं. एखाद्या दिवशी हौस म्हणून काढलं असतं तर दिसलंच नसतं.

आपल्या या भागाला चित्रांची परंपरा नाही असं नाही. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, पण तेव्हा दोन्ही औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत; त्यांचं संग्रहालय आजही बघायला मिळतं. किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्कर संपादकपद सांभाळत रूढींवर व्यंगचित्रं काढत होते. ‘स्त्री’ मासिक १९३० साली त्यांनीच तिथून सुरू केलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण राजाचा छंद कलाप्रेम ठरतो, संपादकाचा समाजकार्य, आणि बाईचा ‘रिकामटेकडेपणा’. १९८२ मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची ‘सुकी’ ही इंग्रजी चित्रमालिका मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये येऊ लागली. तिची नायिका एक साधी, विचार करणारी तरुणी होती. आपल्या मराठी वाचनात अशा किती जणी आल्या? हसणारे आणि हसवणारे बहुतेक पुरुष, आणि विनोद बायकोवर.

आता थोडं आपल्या घरातलं. ८ मार्च जवळ आला की मला फोन येतो, ‘ताई, चार पोस्टरं करून द्या.’ मी आनंदानं देते. पण वही दाखवली की आपल्याच कार्यकर्त्या विचारतात, ‘यातलं पोस्टरला काय चालेल?’ माझ्या घरचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच नाही का? उपयोग असेल तरच बाईनं वेळ घ्यावा, मग तो घराचा उपयोग असो की चळवळीचा! आपल्या पोस्टरवर वर्षानुवर्षं त्याच मुठी आणि त्याच तुटलेल्या बेड्या असतात. कारण आपण पोस्टरपुरतंच चित्र काढतो. माणसं बघत नाही.

माझी सूचना लहान आहे. दर महिन्याच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकीनं काहीतरी काढावं. विषय नको, स्पर्धा नको, दाखवायची सक्ती नको. चहाचा खर्च संघटना करते तसा वहीचाही करावा. ‘मला येत नाही’ म्हणणारीला समोरच्या मैत्रिणीचा हात काढायला सांगावं. त्या हातावरचे चटके आणि भेगा ती पहिल्यांदा नीट बघेल.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा दाखल्यांच्याही आधी नव्या वह्यांची पिशवी मी माळ्यावर ठेवली. सासूबाईंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत. आपली पोथी त्यांनी त्या पिशवीशेजारी ठेवली.