किर्र आवाजाकडे दुर्लक्ष नको

आमच्याकडे जुनी, दुसऱ्या हाताची मारुती ८०० आहे. गाडी कसली, शेजारपाजारच्या अडीनडीचे ते साधन आहे. रोज सकाळी चालू केली की पहिली दोन मिनिटे किर्र किर्र आवाज यायचा. आम्ही म्हणायचो, "म्हातारी झाली, कुरकुरणारच!"

एका मंगळवारी शेजारच्या मावशींना डायलिसिसला नेत असताना वाटेतच बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढू लागला. पट्टा तुटला होता. मावशींना रिक्षात बसवले, पण त्यांचा नंबर हुकला. दुपारपर्यंत बिचाऱ्या बाकावर बसून राहिल्या. आम्हांला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच आम्हांला जास्त लागले.

या पट्ट्याला गॅरेजमध्ये फॅन बेल्ट म्हणतात. आमच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो, तरी नाव जुनेच राहिले. हा पट्टा दोन कामे करतो. अल्टरनेटर फिरवून बॅटरी भरतो आणि पाण्याचा पंप फिरवून इंजिन थंड ठेवतो. तो तुटल्यावर गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट जाते, इंजिन उतरवावे लागते. तेव्हा काटा चढताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

पुढच्या रविवारी धाकट्या मुलीला हाताशी घेऊन आम्ही नवा पट्टा घरीच बसवला. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. किल्ली काढून खिशात ठेवली. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली, कारण अल्टरनेटरच्या तारेत गाडी बंद असतानाही वीज असते. मग अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले, पुरते काढले नाहीत. तो इंजिनाकडे ढकलला तशी पट्ट्याला जागा झाली. दुकानातून आणलेला पट्टा जुन्याशी लांबी, रुंदी आणि क्रमांक जुळवून पाहिला. तिन्ही पुल्यांच्या खाचांत तो नीट बसवला. लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटून धरला आणि बोल्ट आवळले.

खरी गोम ताणात आहे. पट्टा सैल राहिला तर घसरतो, किर्र वाजतो. फार ताणला तर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खातो. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबले तर तो थोडाच दबावा, साधारण एक सेंटिमीटरच्या आत. गाडीच्या पुस्तिकेत माप दिलेले असते, तेच प्रमाण मानावे. नवा पट्टा थोडा ताणतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासावा. आवाज बंद करायला त्यावर तेल किंवा साबण लावू नये. तेलाने रबर खराब होते.

इंजिन चालू असताना ओढणी, पदर, सैल बाही, बोटे पट्ट्यापासून लांब ठेवावीत. टायमिंग बेल्ट मात्र वेगळा. त्याचा एक दाता चुकला तरी इंजिनाचा ताळमेळ बिघडतो. ते काम जाणत्या मिस्त्रीचेच. एसी असलेल्या किंवा नव्या गाड्यांत पट्ट्यांची मांडणी निराळी असते. तिथेही आधी मिस्त्रीला विचारावे.

आम्ही कारकून माणूस, जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पट्टा काही शे रुपयांचा, गाडी टोचन करून नेण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त. पण मावशींची ती दुपार कोणत्या खात्यावर टाकायची, ते आम्हांला अजून उमगलेले नाही.

बंधू-भगिनींनो, महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पट्टा पाहा. भेगा, सुटलेले धागे, चकचकीत झालेली कड दिसली की वेळीच बदला. आणि हे काम मुलाला शिकवाल तसे मुलीलाही शिकवा. आमच्या धाकटीचे हात काळे झाले, पण आता गाडी चालू केली की आमच्याआधी तिचाच कान आवाजाकडे असतो.