सुट्टीत मुलांना गुंतवू नका

शेवटचा पेपर झाला की सोसायटीच्या जिन्यात, वाण्याच्या दुकानात, भाजीच्या गाडीपाशी आयांचं एकच बोलणं सुरू होतं : "हिला दीड महिना कुठं गुंतवायचं?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकला आहे. गुंतवून ठेवायचं ते रांगतं मूल, आई पोळ्या लाटत असते तेव्हा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला गुंतवायला गेलं की त्याला बरोबर कळतं, आपल्याला वाटेतून बाजूला केलं जातंय.

या प्रश्नाला उत्तर देणारा पहिला पक्ष शिबिरांचा. दहा दिवसांत मातीकाम, वैदिक गणित, सभाधीटपणा आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. लहान मुलं यात रमतात, ते मला मान्य आहे. पण दोन वर्षांपूर्वी मी साडेचार हजार रुपये भरून लेकीला अशा एका शिबिरात घातलं. चौथ्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "आई, मी गेले नाही तरी तिथं कुणाचं काही अडत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी ती गेली नाही, आणि खरोखरच कुणाचा फोनही आला नाही.

शिबिर या शब्दाशी माझं वैर नाही. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण मुलं ऐन मे महिन्यात कुदळ-फावडं हातात घेतात. 2016 साली जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई तालुक्यांतल्या गावांनी उन्हाळाभर चर खणले, तेव्हा शाळकरी पोरंही घमेली उचलायला होती. चर खणला तर पावसाचं पाणी अडतं, नाही खणला तर वाहून जातं. तिथं पोराच्या असण्या-नसण्याने फरक पडतो. मला हवं आहे ते एवढंच.

दुसरा पक्ष आठवणींचा. "आमच्या वेळी मामाच्या गावाला जायचो, दिवसभर नुसतं हुंदडायचो." मामाने आता घर विकलं, तो चाकणला दोन खोल्यांत राहतो आणि मामीही नोकरीला जाते, हे सोडून देऊ. पण नुसतं हुंदडायचो, हे तरी खरं का? आंब्याची आढी कुणी लावली? रोज पेंढा बाजूला करून पिकलेले आणि डागी आंबे कुणी वेगळे केले? विहिरीवरून कळशी कुणी आणली, कुरडयांचं वाळवण गच्चीवर कावळ्यांपासून कुणी राखलं? आपणच. आपली तिथं गरज होती, म्हणून ते दिवस इतके लख्ख आठवतात. आठवणी सांगणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात आणि पोरांना म्हणतात, तुम्हाला खेळायलाच येत नाही.

तिसरा पक्ष नववीनंतरच्या व्हेकेशन बॅचचा. जो धडा शाळा जूननंतर शिकवणारच आहे, तो एप्रिलमध्ये एकदा शिकवून मुलाला शिळा करून देणं, यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही.

मग करायचं काय? मुलाला कुणाच्या तरी खऱ्या कामाशी नेऊन उभं करायचं. शक्यतो घराबाहेर, आईबापांच्या ओळखीचं असलं तरी आईबापांच्या नजरेआड.

गेल्या मे महिन्यात माझी लेक सकाळी सात ते साडेनऊ गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीच्या दुकानात जात होती. पंक्चर काढणं ती आठवड्यात शिकली. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथं खूण करायची. मग ती जागा कानशीने घासून सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत हात आवरायचा. हे हात आवरणंच तिला सगळ्यात जड गेलं. एकदा तिने दूधवाल्याच्या सायकलचं पंक्चर नीट काढलं, पण टायरच्या आतून बोट फिरवायचं विसरली. तासाभरात तो सायकल ढकलत परत आला. दुकानाचे काका ओरडले नाहीत. "तूच काढ," म्हणाले. टायरच्या आत बाभळीचा काटा तसाच होता. तिने तो पकडीने उपसला, कागदात गुंडाळून घरी आणला आणि अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. अजून तिथंच आहे.

यावर दोन आक्षेप मी समोरासमोर ऐकले आहेत. एक, ही बालमजुरी. नाही. 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाला धोक्याची कामं वर्ज्य आहेत. लेकीला चौदा पूर्ण होती, काम अडीच तासांचं होतं, वाटलं त्या दिवशी सोडण्याची मुभा होती. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांनी शिकावं असं म्हणतं, आणि सुट्टीतही अशी संधी द्यावी असं सुचवतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर 1983 पासून मुलं गावाच्या गरजेची कामं करत शिकत आली आहेत. मात्र जे पोर पोटासाठी चहाच्या टपरीवर दिवसभर कपबशा विसळतं, त्याला मी कामाचे गुण सांगणार नाही. त्याला सुट्टी हवी, झोप हवी, मैदान हवं.

दुसरा आक्षेप जास्त टोचला : "मुलीची जात, दुकानात कशाला? घरात कामं आहेत की." घरात कामं आहेतच. पण पोरीचं घरकाम कुणी मोजत नाही. पापड लाटून झाले की ते पापड आईचे होतात. आणि भावाला मात्र त्याच दुपारी क्रिकेट. माझ्या मते उन्हाळ्यात गव्हाचा चीक हाटायला आणि सोऱ्या दाबायला मुलाला बसवावं, त्याच्या दंडांत जोर असतो.

दुकानच हवं असं नाही. रोपवाटिका, वाचनालयाची पुस्तकांची नोंदवही, शिवणकाम करणारी मावशी, कुठंही चालेल. चौकशी एप्रिलमध्येच करावी आणि विचारायला मुलालाच पाठवावं. लेक पहिल्या दुकानातून "पोरींचं काम नाही" ऐकून परत आली होती. जेवली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच दुसरीकडे गेली. तिथल्या काकांनी तिच्याकडे न बघता, चाकाच्या तारा आवळत विचारलं, "सकाळी सातला उठवेल का तुला?"